वाचकांचे प्रश्न : चारशे सहा मीटरांचा ‘सर्वांत उंच’ डोंगर

पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटावर लामलाम नावाचा एक लहानसा डोंगर आहे. त्याच्याविषयीचा एक मजकूर सध्या अनेकांच्या मोबाईलवर फिरत असल्यामुळे कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या गावांतून या स्तंभाकडे बरीच पत्रे आली आहेत. ती सुटी सुटी हाताळण्यापेक्षा निवडक पत्रे येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या नातवाने मला एक मजकूर वाचून दाखवला. जगातील सर्वांत उंच पर्वत एव्हरेस्ट नसून ग्वाम बेटावरील लामलाम आहे, असे त्यात म्हटले होते. त्याच मजकुरात पुढे लामलामची उंची समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर दिली होती. मी तीस वर्षे भूगोल शिकवला, पण हे कोडे मला उलगडले नाही. यात काही तथ्य आहे का?
— निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : मजकुरातील आकडे खरे आहेत, त्यांची घातलेली बेरीज मात्र खरी नाही. ही बेरीज कशी केली जाते ते आधी पाहू. ग्वामच्या नैर्ऋत्येस मरियाना गर्तेतील, म्हणजे समुद्रतळावरील खोल चरीतील, चॅलेंजर डीप हे महासागराच्या तळावरील आजवर ज्ञात असलेले सर्वांत खोल ठिकाण आहे. निरनिराळ्या मोजण्यांनुसार त्याची खोली सुमारे १०,९२० ते १०,९३५ मीटर भरते. त्यात लामलामचे ४०६ मीटर मिळवले, की ११,३०० मीटरांच्या वर आकडा जातो. २०२० च्या डिसेंबरमध्ये नेपाळ आणि चीन यांनी संयुक्तपणे जाहीर केलेली एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर आहे. म्हणजे लामलाम एव्हरेस्टपेक्षा जवळजवळ अडीच हजार मीटरांनी उंच ठरला, असा हा हिशेब आहे.

आपण भूगोल शिकवलेला असल्यामुळे हे आपणांस ठाऊकच असेल, की पर्वताची उंची हा आकडा एकटा कधीच येत नाही. तो कोठून मोजला, हे त्याच्यासोबत सांगावे लागते. समुद्रसपाटीपासून मोजले तर एव्हरेस्ट पहिला. पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर धरले, तर इक्वेडोरमधील चिंबोराझो पहिला येतो. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ६,२६३ मीटर इतकीच आहे, परंतु पृथ्वी विषुववृत्ताजवळ फुगीर असल्याने त्याचे शिखर एव्हरेस्टच्या शिखरापेक्षा केंद्रापासून सुमारे दोन किलोमीटर अधिक दूर पडते. पायथ्यापासून माथ्यापर्यंत मोजायचे ठरवले, तर हवाई बेटावरील मौना केआ पुढे येतो. तो समुद्राबाहेर ४,२०७ मीटर दिसतो आणि त्याचा उरलेला भाग पाण्याखाली आहे. एकूण उंची १०,००० मीटरांच्या वर जाते. या तिन्ही मोजण्या प्रामाणिक आहेत, कारण प्रत्येकीत आरंभबिंदू ठरवण्यामागे एक नियम आहे आणि तो नियम सर्व पर्वतांना सारखा लागू होतो.

लामलामच्या बाबतीत अडचण येते ती नेमकी येथे. मौना केआ हा समुद्रतळावर लाव्हाचे थर एकावर एक साचून तयार झालेला एकसंध ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावरून खाली खाली जात राहिलो, तर त्याच डोंगराच्या अंगावरून आपण समुद्रतळाला पोहोचतो. चॅलेंजर डीप मात्र लामलामपासून ३०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. कोल्हापूरपासून मुंबईचे सरळ रेषेतील अंतर साधारण तेवढेच भरते. तेव्हा मुंबईच्या किनाऱ्याला जोतिबाच्या डोंगराचा पायथा म्हणण्यासारखेच हे झाले. सुमारे ११ किलोमीटरांची चढण ३०० हून अधिक किलोमीटरांवर पसरली, तर सरासरी चढ जेमतेम दोन अंशांचा होतो. एवढ्या चढाला कोणी डोंगराची बाजू म्हणणार नाही. मरियाना गर्तेचा काही भाग ग्वामला याहून जवळ आहे, हे खरे. पण मजकुरातला विक्रम उभा आहे तो चॅलेंजर डीपच्या आकड्यावर.

अंतरापेक्षाही मोठा आक्षेप कारणाचा आहे. गर्तेची खोली लामलामने निर्माण केलेली नाही. पॅसिफिक भूपट्टाचा अतिशय जुना, थंड आणि म्हणून जड झालेला भाग तेथे वाकून पश्चिमेकडील भूपट्टाखाली शिरतो, आणि जेथे तो वाकतो तेथे समुद्रतळाला ही लांबलचक चर पडते. खाली शिरणाऱ्या खडकासोबत पाणीही खोलवर जाते. हे पाणी वरच्या प्रावरणातील, म्हणजे भूकवचाखालच्या थरातील, खडकात मिसळले, की त्या खडकाचा वितळण्याचा बिंदू खाली येतो, शिलारस तयार होतो आणि तो वर येऊन ज्वालामुखींची रांग उभी राहते. मरियाना बेटांचा जन्म या रांगेतून झाला आहे. म्हणजे गर्ता आणि डोंगर एकाच हालचालीचे दोन परिणाम आहेत, त्यांचे नाते निश्चित आहे. पण नाते आहे म्हणून एकाचा तळ दुसऱ्याचा पायथा होत नाही.

तरीही कोणी हट्टाने म्हटले, की शेजारच्या गर्तेपासूनच उंची मोजायची, तर तोच नियम इतरांनाही लावावा लागेल, आणि मग लामलामचा पहिला क्रमांक तत्काळ जातो. चिली आणि अर्जेंटिना यांच्या सीमेवर युयायाको नावाचा ६,७३९ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. त्याच्या पश्चिमेला, साधारण लामलाम आणि चॅलेंजर डीप यांच्यामध्ये आहे तेवढ्याच अंतरावर, पॅसिफिकमधील आटाकामा गर्ता सुमारे ८,००० मीटर खोल गेली आहे. या दोहोंची बेरीज १४,००० मीटरांच्या पुढे जाते. ज्यांनी हा मजकूर तयार केला त्यांनी आपलाच नियम नकाशावर दुसरीकडे लावून पाहिला असता, तर तो पुढे पाठवण्याचे कारण उरले नसते.

लामलामचे नाव चॅलेंजर डीपला चिकटण्यामागे थोडा इतिहासही आहे. ब्रिटिश नौदलाच्या ‘चॅलेंजर’ जहाजाने मार्च १८७५ मध्ये वजन बांधलेली दोरी सोडून या परिसरात ४,४७५ फॅदम, म्हणजे ८,१८४ मीटर, खोली नोंदवली आणि गर्तेची पहिली कल्पना जगाला आली. पुढे २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे ‘त्रिएस्त’ या पाणबुडीसारख्या यानातून प्रथमच त्या तळाशी उतरले. खाली पोहोचायला त्यांना जवळजवळ पाच तास लागले आणि तळावर ते सुमारे वीस मिनिटे थांबले. या मोहिमेचा तळ ग्वाम होता, कारण सर्वांत जवळचे सोयीचे बंदर तेच. तेव्हापासून सर्वांत खोल जागेचा उल्लेख झाला, की ग्वामचाही होतो, आणि ग्वामचा झाला की त्याच्या सर्वोच्च शिखराचा.

आता आपल्या कोल्हापूरकरांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट. कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसले आहे. याचा अर्थ, रंकाळ्यावर संध्याकाळी फिरणारा माणूस काहीही न चढता लामलामच्या शिखराहून शंभरेक मीटर अधिक उंचीवर असतो. जोतिबाचा डोंगर तर समुद्रसपाटीपासून साधारण ३,१०० फूट, म्हणजे लामलामच्या दुपटीहून अधिक आहे. परंतु जोतिबाच्या भोवतीचे पठारच मुळात उंच असल्याने तो डोंगर आपल्या पायथ्यापासून सुमारे १,००० फूटच वर उठतो. लामलाम मात्र समुद्रापासून थोड्याच किलोमीटरांत १,३३२ फूट चढतो. त्यामुळे खालून पाहणाऱ्याच्या नजरेला लामलाम जोतिबाहून ठेंगणा वाटणार नाही. पायथ्यापासूनच्या मोजणीचा खरा उपयोग असा, डोळ्यांना दिसणाऱ्या चढाशी जुळणारा, असतो. त्यासाठी ११ किलोमीटर खोल जावे लागत नाही.

प्रश्न : ग्वाम ज्वालामुखीतून तयार झाले असे वाचले, पण लामलामच्या माथ्यावर चुनखडक आहे असेही वाचले. चुनखडक तर समुद्रात तयार होतो. मग तो डोंगराच्या माथ्यावर कसा गेला? आपल्या पन्हाळ्यावर जांभा आहे, तसाच हा प्रकार आहे का?
— भूशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आपली दोन्ही वाचने बरोबर आहेत, आणि विसंगती वाटते ती केवळ काळाचा पट डोळ्यांसमोर न ठेवल्यामुळे. दक्षिण ग्वाममधील सर्वांत जुने खडक सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. ते ज्वालामुखीचेच आहेत, पण तो ज्वालामुखी त्या वेळी समुद्राखाली होता. पश्चिम किनाऱ्यावर आगात गावाच्या दक्षिणेस फाक्पी नावाचे टोक आहे. तेथे उशांचा ढीग रचल्यासारखे लाव्हाचे गोलसर खडक उघड्यावर दिसतात. लाव्हा थेट पाण्यात बाहेर पडला आणि वरून चटकन थिजला, की असे आकार तयार होतात. त्यामुळे त्या जागेवर पूर्वी समुद्र होता, हे सांगायला दुसऱ्या पुराव्याची गरज पडत नाही.

यानंतर ज्वालामुखींचे आणखी टप्पे झाले, मग ते शांत झाले, आणि उथळ समुद्राखाली असलेल्या त्यांच्या माथ्यांवर प्रवाळ आणि इतर चुनायुक्त कवचांचे जीव वाढू लागले. त्यांच्या अवशेषांचा जो थर साचला, त्याला तेथील भूवैज्ञानिक अलिफान चुनखडक म्हणतात. लामलामपासून उत्तरेकडील अलिफान डोंगरापर्यंतच्या कण्यावर आज जी टोपी दिसते ती याच चुनखडकाची आहे. भूपट्टांच्या रेट्याने आणि भ्रंशांवरील हालचालींनी सगळा भाग हळूहळू उचलला गेला, आणि जो एके काळी समुद्रतळ होता तो बेटाचा सर्वांत उंच भाग झाला. हा रेटा थांबलेला नाही. ८ ऑगस्ट १९९३ रोजी ग्वामला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. इमारतींचे नुकसान मोठे झाले, पण सुदैवाने त्यात कोणी दगावले नाही. ज्वालामुखी म्हणून मात्र ग्वाम आता मृत आहे. या रांगेतील जागे ज्वालामुखी बरेच उत्तरेकडे आहेत. त्यांपैकी पागान १९८१ मध्ये आणि अनाताहान २००३ मध्ये मोठ्या प्रमाणात उफाळला होता.

पन्हाळ्याशी केलेली तुलना अर्धी लागू पडते, आणि लागू न पडणारा अर्धा भाग अधिक महत्त्वाचा आहे. दोन्हीकडे खाली ज्वालामुखीचा खडक आणि वर निराळ्या खडकाची टोपी आहे, एवढे साम्य. परंतु पन्हाळ्यावरचा किंवा मसाईच्या पठारावरचा जांभा बाहेरून येऊन साचलेला नाही. तो खालच्या काळ्या कातळाचाच, उघड्या हवेत आणि भरपूर पावसात, लाखो वर्षे कुजून बनलेला अवशेष आहे; विरघळणारे घटक पावसाने वाहून नेले आणि लोह व ॲल्युमिनियमयुक्त भाग मागे उरला. लामलामवरचा चुनखडक जिवंत प्राण्यांनी पाण्याखाली बांधला आहे. एक टोपी डोंगर हवेत असल्याची साक्ष देते, दुसरी तो पाण्यात बुडालेला असल्याची. वयाच्या बाबतीत म्हणाल, तर आपल्या सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांहून थोडा अधिक जुना आहे, म्हणजे ग्वामच्या सर्वांत जुन्या खडकांपेक्षाही वडीलधारा.

एक साम्य मात्र पाण्याचे आहे, आणि ते प्रत्यक्ष उपयोगाचे आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पाऊस पितो आणि खालच्या घट्ट थराशी अडलेले पाणी कड्याच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते, हे पन्हाळ्याच्या परिसरात राहणाऱ्यांना सांगायला नको. लामलाम–अलिफान कण्यावरही चुनखडकात मुरलेले पाणी खालच्या ज्वालामुखी खडकाशी अडते आणि अल्मागोसासारख्या झऱ्यांतून बाहेर पडते. हे पाणी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाने बांधलेल्या फेना जलाशयाच्या व्यवस्थेत वापरले जाते. बेटाचा उत्तर भाग म्हणजे चुनखडकाचे सलग सपाट पठार. पडलेला पाऊस तेथे सरळ जमिनीत जिरतो, त्यामुळे उत्तरेत नदी नावालाही नाही आणि पिण्याचे बहुतेक पाणी भूगर्भातून उपसले जाते. नद्या आहेत त्या दक्षिणेत, लामलामच्या बाजूला, कारण तेथील ज्वालामुखी खडकाची चिकट माती पाणी मुरू देत नाही. केवळ ५४० चौरस किलोमीटरांच्या आसपास क्षेत्रफळ असलेल्या बेटाचे असे दोन सर्वस्वी भिन्न भाग असणे, हे माझ्या मते त्या खोटारड्या विक्रमापेक्षा कितीतरी अधिक सांगण्यासारखे आहे.

प्रश्न : लामलामवर दरवर्षी लोक लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन चढतात, असे एका चित्रफितीत पाहिले. आमच्याकडे चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या घेऊन लोक डोंगर चढतात. ही प्रथा काय आहे, आणि ती कधी असते?
— गृहिणी, वाडी रत्नागिरी

उत्तर : आपण पाहिलेली यात्रा गुड फ्रायडेची आहे. ग्वामच्या मूळ रहिवाशांना चामोरो म्हणतात. १५२१ मध्ये मॅगेलनची जहाजे या बेटावर आली, पण स्पेनचा खरा अंमल आणि ख्रिस्ती धर्मप्रसार १६६८ पासून सुरू झाला, आणि आज तेथील बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत. येशूने क्रूस वाहून नेल्याच्या स्मरणार्थ भाविक आळीपाळीने मोठा लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन डोंगर चढतात आणि वर प्रार्थना करतात. आपल्याकडील सासनकाठी यात्रा आटोपली की मानकऱ्यांसह गावी परतते; तेथील क्रूस मात्र माथ्यावरच रोवले जातात, म्हणून त्या टेकडीवर आधीच्या वर्षांचे क्रूसही उभे दिसतात.

एक दुरुस्ती येथे करायला हवी. ज्या माथ्यावर हे क्रूस आहेत तो बहुतेक वेळा लामलाम म्हणून दाखवला जातो, पण प्रत्यक्षात तो त्याच कण्यावरील हुमुयोंग मांग्लो हा शेजारचा, सुमारे ३९० मीटरांचा माथा आहे. लामलामचे खरे टोक तेथून पुढे झाडीत आहे आणि तिकडे जाणारे थोडे. मोकळ्या, वारा खेळणाऱ्या आणि दोन्ही बाजूंचा समुद्र दाखवणाऱ्या माथ्यावर लोकांनी क्रूस उभारले, यात नवल नाही. यात्रेला सर्वोच्च बिंदू लागतोच असे नाही.

तिथींविषयी आपण विचारले ते चांगले केले, कारण यात दिसते त्यापेक्षा जवळचे नाते आहे. वसंतसंपातानंतरच्या, म्हणजे २१ मार्च किंवा त्यानंतरच्या, पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार हा ईस्टर. त्याच्या दोन दिवस आधीचा शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे. चैत्र पौर्णिमाही बहुधा तीच असते. म्हणून २०२२ मध्ये गुड फ्रायडे १५ एप्रिलला आणि चैत्र पौर्णिमा १६ एप्रिलला आली. २०२३ मध्ये त्या अनुक्रमे ७ आणि ६ एप्रिलला आल्या. दरवर्षी असे जुळत नाही. २०२३ च्या श्रावणात अधिक मास आल्याने २०२४ ची चैत्र पौर्णिमा २३ एप्रिलपर्यंत पुढे गेली, तर गुड फ्रायडे २९ मार्चलाच, म्हणजे आपल्या धुळवडीनंतर चारच दिवसांनी, होऊन गेला होता. जी वर्षे जुळतात त्या वर्षी मात्र जोतिबाच्या वाटेवर ‘चांगभलं’चा गजर सुरू असताना त्याच आठवड्यात तिकडेही माणसे भर उन्हात डोंगर चढत असतात. ग्वाममध्ये जानेवारी ते जून हा कोरडा काळ असल्याने ऊन, धूळ आणि तहान या बाबतींत दोन्ही यात्रांची अवस्था सारखीच होते.

ख्रिस्ती झाल्यानंतरही चामोरो लोकांनी एक जुनी रीत सोडलेली नाही. रानात शिरण्यापूर्वी ते तेथे वास करणाऱ्या पूर्वजांच्या आत्म्यांची परवानगी मागतात. न विचारता गेल्यास आजारपण येते असा समज आहे. आपल्या देवराईत काडी तोडण्याआधी हात जोडणाऱ्याला यात काही परके वाटू नये.

प्रश्न : छायाचित्रांत लामलामच्या परिसरातील उतार गवताळ आणि मधूनमधून लाल, उघडे दिसतात. पॅसिफिकमधील बेट म्हटले की घनदाट जंगल असेल असे वाटते. हे डोंगर बोडके का?
— शेतकरी, ता. शाहूवाडी

उत्तर : याचे मुख्य कारण आपल्याकडच्या डोंगरांवरही दर उन्हाळ्यात पाहायला मिळते, ते म्हणजे वणवा. दक्षिण ग्वामच्या गवताळ भागात कोरड्या महिन्यांत वारंवार आगी लागतात आणि त्या बहुतांशी माणसांनी लावलेल्या असतात. अठराव्या शतकात स्पॅनिश गव्हर्नरने फिलिपिन्समधून हरणे आणून बेटावर सोडली. जळलेल्या जागी कोवळे गवत फुटले की हरणे तेथे चरायला येतात, म्हणून शिकारी जाणूनबुजून गवत पेटवतात. आपल्याकडे गवत चांगले यावे म्हणून डोंगर पेटवला जातो. हेतू वेगळा, जमिनीवरचा परिणाम एकच. माणसाच्या उंचीहून वाढणारे धारदार पात्याचे गवत आगीनंतर मुळापासून पुन्हा फुटते, झाडांची रोपे मात्र मरतात, आणि दरवर्षी जंगलाची कड थोडी मागे सरकते.

जेथे गवतही टिकत नाही तेथे ज्वालामुखी खडकाची लाल माती उघडी पडते. ती इतकी सुपीकताहीन आणि आम्ल असते, की एकदा वरचा थर गेला म्हणजे तिच्यावर पुन्हा काही रुजणे अवघड होते. पावसाळ्यात ही माती ओढ्यांतून थेट समुद्रात उतरते. आपली माती वाहिली तर धरणाच्या गाळात तरी जाते. तेथे डोंगर आणि समुद्र यांच्यात अंतरच नसल्याने ती प्रवाळांवर जाऊन बसते. उमाताक गावाजवळच्या फौहा उपसागरात या गाळामुळे प्रवाळांची झालेली हानी शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे अभ्यासली आहे. माती धरून ठेवण्यासाठी तेथील वनविभागाने उघड्या उतारांवर आकेशिया लावला. आपण त्याला ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतो आणि सामाजिक वनीकरणात त्याच्याच रांगा लावल्या. तात्पुरती सावली आणि पाचोळा म्हणून तो बरा, पण त्याच्या खाली देशी झाडे लावत गेले नाही, तर ते जंगल नव्हे, हे मत तेथेही तितकेच खरे ठरते.

जंगल परत येण्यात आणखी एक अडथळा आहे, आणि तो पक्ष्यांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानासोबत तपकिरी वृक्षसर्प ग्वाममध्ये शिरला आणि काही दशकांत त्याने बेटावरील जवळजवळ सर्व देशी वनपक्षी संपवले. फळे खाऊन बिया दूरवर टाकणारे पक्षी नसल्यामुळे झाडांच्या बिया झाडाखालीच पडून राहतात. आणि कीटक खाणारे पक्षी गेल्याने कोळ्यांची संख्या शेजारच्या बेटांपेक्षा कितीतरी पटींनी वाढली आहे. तेथील न उडणारा कोको हा पक्षी पिंजऱ्यात वाढवून रोटा आणि कोकोस या त्या वेळी सापमुक्त असलेल्या बेटांवर सोडण्यात आला, आणि २०१९ मध्ये त्याला ‘वन्य अवस्थेत नामशेष’ या यादीतून बाहेर काढता आले. पण खुद्द लामलामच्या झाडीत तो परतायला अजून बराच अवकाश आहे.

प्रश्न : महायुद्ध संपल्यावरही एक जपानी सैनिक ग्वामच्या डोंगरात २८ वर्षे लपून होता, तो लामलामवरच का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, गारगोटी

उत्तर : लामलामवर नव्हे, बेटाच्या पूर्वेकडील तालोफोफो नदीच्या परिसरात. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने ग्वाम घेतले आणि २१ जुलै १९४४ रोजी अमेरिकी सैन्य पुन्हा किनाऱ्यावर उतरले. त्या वेळी रानात पळालेल्या सैनिकांपैकी शोइची योकोई हा २४ जानेवारी १९७२ रोजी नदीतील कोळंबीचे सापळे पाहायला आलेल्या दोघा स्थानिकांच्या हाती लागला. सैन्यात येण्यापूर्वी तो शिंपीकाम करीत असे, आणि रानातील जास्वंदीच्या कुळातील झाडाच्या सालीचे धागे काढून त्याने स्वतःचे कपडे विणले होते. जमिनीत खोदलेल्या भुयारात तो राहत असे. उंच माथ्यावर लपणारा माणूस पाण्यापासून दूर आणि सर्वांच्या नजरेत राहतो, त्यामुळे त्याने नदीकाठ निवडला, हे समजण्यासारखे आहे.

प्रश्न : लामलाम चढायला जायचे झाल्यास काय करावे लागेल?
— गिर्यारोहणाची आवड असलेला वाचक, राजारामपुरी

उत्तर : ग्वाम हा अमेरिकेच्या ताब्यातील प्रदेश असल्याने भारतीय पारपत्रावर अमेरिकेचा व्हिसा लागतो, काही देशांच्या नागरिकांना तेथे व्हिसाविना मिळणारी सवलत आपल्याला लागू नाही. वाट सुरू होते ती आगात ते उमाताक या रस्त्यावरील सेट्टी उपसागराच्या दर्शनस्थळासमोरून. सह्याद्रीत फिरणाऱ्याला चढ फारसा जाणवणार नाही, मात्र गवताची पाती हातापायांना कापतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब विजार घालावी. वाटेत सावली आणि पाणी दोन्ही नाही, तेव्हा पाणी खालूनच भरपूर घ्यावे. पाऊस पडून गेल्यावर लाल माती फार निसरडी होते, शिवाय जुलैनंतर टायफून वादळांचा धोका वाढतो. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ त्यातल्या त्यात बरा. क्रूसांच्या माथ्यावर पोहोचून परत फिरलात तर लामलाम चढला असे म्हणता येणार नाही. खऱ्या टोकासाठी कण्यावरून पुढे झाडीत जावे लागते, आणि तेथे झाडांमुळे दृश्य फारसे दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.